इंग्रजी मसुद्याचा ताळा

हिशेबाच्या कारकुनाला एक सोय असते, जी पत्रांचे मसुदे लिहिणाऱ्याला नसते. वरून खाली केलेली बेरीज त्याने खालून वर करून पाहिली, किंवा गुणाकाराला नऊचा ताळा लावला, म्हणजे आपले काम बरोबर उतरले आहे की नाही याचा निवाडा त्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे न पाहता बसल्या जागी करता येतो. इंग्रजीत लिहिलेल्या वाक्याला असा तयार ताळा नाही. आणि ज्याने इंग्रजी पुस्तकांतून व नियमांच्या पाठांतरातून कमाविली आहे अशा मराठी माणसाला तर आपले वाक्य चुकल्याची सूचना कानाकडूनही मिळत नाही, कारण तो कान मराठीवर पोसलेला असतो आणि मराठीत जे सरळ वाटते ते इंग्रजीतही त्याला सरळच वाटते. माझी नोकरी इंग्रजी मसुदे लिहिण्यात गेली, आणि लिहिण्यास जेवढा वेळ लागला त्याहून अधिक वेळ ते स्वतःच तपासण्यात गेला. त्या तपासणीविषयी जे अनुभवास आले ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कार्यालय मुंबईतील, निमसरकारी. १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर राज्याच्या कारभारात मराठी हळूहळू रुजत गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु दिल्लीची मंत्रालये, परप्रांतीय पुरवठादार, बँका, आणि संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदामुळे ज्यांचे कामकाज इंग्रजीतच चालत राहिले ती वरिष्ठ न्यायालये, यांच्याशी येणारा व्यवहार इंग्रजीतच होत असे, सबब आमची इंग्रजी पत्रव्यवहाराची शाखा मोडली नाही. शाखेतील बहुतेक मंडळी मराठी शाळांतून आलेली. वडीलधारे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर किंवा नेसफील्डच्या व्याकरणावर वाढलेले, आणि त्यांच्यामागून आलेले आम्ही सारे ‘रेन अँड मार्टिन’वर. या जोडीतील रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवरील ‘बो जेस्ट’ ही १९२४ साली प्रसिद्ध झालेली साहसकथा त्यांचीच, हे मला फार उशिरा समजले. ज्याच्या नियमांनी आमचे बालपण धास्तावून सोडले तो गृहस्थ मनाने सहारा वाळवंटात हिंडत होता, याची मोठी मौज वाटली.

टंकलेखकाकडून पत्र तयार होऊन आले, की मूळ मसुद्याशी त्याचा मुकाबला करण्याचा रिवाज होता. एकाने मसुदा मोठ्याने वाचावयाचा, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारून, आणि दुसऱ्याने टंकित प्रतीवरून बोट फिरवीत ऐकावयाचे. रुजुवात पुरी झाली म्हणजे स्थळप्रतीच्या कोपऱ्यात ‘कम्पेअर्ड’ असा शेरा आणि आद्याक्षरे पडत. छापखान्यात मुद्रितशोधक आणि त्याला हस्तलिखित वाचून दाखविणारा कॉपीहोल्डर यांचे काम चालते ते याच रीतीने. रीत चोख होती, पण तिच्यात टंकलेखकाची चूक सापडे, मसुदा लिहिणाऱ्याची सापडत नसे. मसुद्यात क्रियापद चुकीचे असेल तर प्रतीतही तेच चुकीचे क्रियापद इमानाने उतरलेले असे, दोन्ही कागद तंतोतंत जुळत, आणि त्या जुळण्यावर दोन माणसांच्या आद्याक्षरांनी शिक्कामोर्तब होई. परिपत्रकासाठी स्टेन्सिल कापले जाई तेव्हा तर अधिकच पंचाईत; शाई नसलेली, नुसती कोरलेली अक्षरे उजेडाकडे धरून वाचावी लागत, दुरुस्तीचे द्रव लावून ते वाळेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागे, आणि एवढ्यातूनही जे निसटे ते सायक्लोस्टाइल यंत्राच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचे. तेव्हा कागद यंत्राकडे जाण्यापूर्वी, आपल्याच टेबलावर जेवढे सापडेल तेवढेच सापडले, असे धरून चालणे भाग होते.

आणि आपल्या टेबलावर आपलेच लिखाण वाचणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जात नाही. तो उड्या घेत जातो, मधले पुष्कळसे अंदाजाने भरून काढतो, आणि मजकूर स्वतःचा असला म्हणजे हा अंदाज इतका पक्का असतो की कागदावर नसलेला शब्दही दिसल्यासारखा वाटतो. एखाद्या इंग्रजी परिच्छेदात ‘एफ’ हे अक्षर किती वेळा आले आहे ते मोजावयास सांगितले, तर माणसे मोठ्या शब्दांतील ‘एफ’ बिनचूक मोजतात आणि ‘ऑफ’ या चिमुकल्या शब्दातील तेच अक्षर पुष्कळदा गाळतात. मानसशास्त्रज्ञांनी तपासलेली ही गोष्ट कोणालाही घरच्या घरी करून पाहता येईल. आता दुर्दैव असे, की ‘ऑफ’, ‘द’, ‘अ’, ‘टू’, ‘इन’ असे जे बारीक शब्द डोळा वगळतो, त्यांच्याच बाबतीत मराठी लेखणी सर्वांत अधिक चुकते. जे लिहिताना सुटते तेच वाचताना दिसत नाही. म्हणून ‘एकदा नजरेखालून घातले’ या वाक्प्रचारावर इंग्रजी मसुद्यापुरता तरी मी कधी विश्वास ठेवला नाही.

या कामी मला जे वळण लागले ते आमच्या अधीक्षकांमुळे. मसुदा मान्यतेस्तव त्यांच्यापुढे ठेवला, की ज्या ओळीत दोष असेल तिच्या समोर समासात ते पेन्सिलीने एक बारीक फुली करीत आणि कागद परत देत. चूक कोणती, हे लिहीत नसत. कोणी विचारलेच तर म्हणत, “अहो, मी सांगितले तर ती माझी झाली. तुमची तुम्ही शोधा.” त्या वेळी याचा राग येई, कारण टपालाची वेळ टळत असे आणि समोरच्या ओळीत काय खटकते ते अर्धा अर्धा तास कळत नसे. पुढे त्या फुल्यांची एका वहीत मी वर्गवारी करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की फुल्या पुष्कळ असल्या तरी त्यांच्या जाती मोजक्याच आहेत. आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक जात म्हणजे अज्ञान नसून इंग्रजी पोशाखात आलेले शुद्ध मराठी व्याकरण आहे. तेव्हापासून एका वाचनात एकच अपराध शोधावयाचा असा नेम ठेवला.

पहिले वाचन क्रियापदांचे. ‘अर्जदारांची यादी सोबत जोडली आहे’ असे आपण लिहितो तेव्हा ‘यादी’ आणि तिचे क्रियापद यांच्यामध्ये फारसे कोणी येत नाही, कारण मराठीत ‘अर्जदारांची’ हे विशेषण अगोदर येते आणि मुख्य नाम मागून, क्रियापदाच्या अलीकडे. इंग्रजीत हा क्रम उलटतो. ‘लिस्ट’ पुढे निघून जाते, तिच्यामागे ‘ऑफ अॅप्लिकंट्स’, त्यामागे ‘फ्रॉम द फोर डिस्ट्रिक्ट्स’ अशी अनेकवचनांची रांग लागते, आणि क्रियापदाची पाळी येते तेव्हा त्याच्या शेजारी उभे असते ते ‘डिस्ट्रिक्ट्स’. शेजाऱ्याशी जुळवून घेण्याची सवय असलेली मराठी लेखणी तेथे ‘इज’ऐवजी ‘आर’ लिहून मोकळी होते. यावर मी काढलेला उपाय असा, की बाकीचा मजकूर न वाचता फक्त क्रियापदांखाली रेघ ओढावयाची, आणि प्रत्येक क्रियापदापासून मागे जात जात त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीचा बाण नेऊन पोहोचवावयाचा. वाटेत ‘ऑफ’ लागला की त्याच्या पुढचे सारे ओलांडून त्याच्या मागे जावयाचे. ‘वन ऑफ द मेंबर’ असे एकवचन किंवा ‘ईच ऑफ द मेंबर्स हॅव’ असे अनेकवचन याच वाचनात सापडे. १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टाच्या १३व्या कलमाने एकवचनात अनेकवचनाचा अंतर्भाव करून ठेवलेला आहे खरा, परंतु ती सवलत कायद्याचा अर्थ लावणाराला आहे. मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला नाही.

दुसरे वाचन मला सर्वांत फलदायी वाटत आले, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. मराठी कचेरीत असे एक वाक्य रोज लिहिले जाते: ‘प्रकरण तपासून अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ यात यत्किंचितही दोष नाही. तपासणारा आणि नामंजूर करणारा एकच आहे आणि तो पडद्याआड उभा आहे, हे मराठी वाचक न सांगता समजून घेतो. हेच वाक्य इंग्रजीत ‘हॅविंग एक्झॅमिन्ड द केस, द अॅप्लिकेशन इज रिजेक्टेड’ असे उतरविले, म्हणजे त्याचा व्याकरणशुद्ध अर्थ असा होतो की प्रकरण अर्जानेच तपासले आणि मग तो बिचारा नामंजूर झाला, कारण आरंभी येणाऱ्या त्या धातुसाधिताचा कर्ता वाक्याच्या मुख्य कर्त्याहून वेगळा असलेला इंग्रजीला चालत नाही. दुरुस्ती अगदी साधी आहे. ‘द कमिटी’ किंवा ‘द चेअरमन’ असा जो कोणी तपासणारा असेल त्याला स्वल्पविरामानंतर आणून बसवावे, की वाक्य सुधारले. परंतु त्याला आणून बसवावयाचे तर तो कोण हे ठाऊक असावे लागते! एकदा एका पुरवठादाराची निविदा फेटाळल्याचे पत्र तपासताना मी या कर्त्याच्या शोधात फाईल चाळू लागलो. टिपणीवर टिपणी होती, ‘सहमत’ असे शेरे होते, ‘नामंजूर करण्यात यावी’ अशी शिफारस होती, आणि नामंजूर करण्याचा अधिकार ज्याला होता त्याची सही कोठेच नव्हती. फाईल हुकुमासाठी वर गेली, पत्र तेवढे दिवस थांबले. व्याकरणाचा एक किरकोळ नियम नसता तर ते पत्र बिनहुकमी गेले असते. आणि मराठीत लिहिले असते तर वाक्यात काही खटकलेही नसते. कर्मणी प्रयोगाने आपल्या कारभारात किती जबाबदाऱ्या झाकून ठेवल्या आहेत, याचा विचार व्याकरणकारांपेक्षा लेखापरीक्षकांनी करावा असे मला तेव्हापासून वाटते.

काळाचे वाचन त्यामानाने सोपे. ‘मी तीन वर्षांपासून येथे काम करीत आहे’ याचे ‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असे होते आणि एका वाक्यात दोन अपराध घडतात, क्रियापदाचा एक आणि ‘फॉर’च्या जागी ‘सिन्स’ आणल्याचा दुसरा. कारण मराठीतील ‘पासून’ हे ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोहोंची सारखीच चाकरी करते. ‘आपले पत्र काल मिळाले आहे’ हे मराठीत निर्दोष, पण ‘हॅज बीन रिसीव्ड येस्टरडे’ हे सदोष. ज्या वाक्यात गेलेल्या दिवसाची तारीख नोंदली आहे त्यात इंग्रजी ‘हॅज’ला थारा देत नाही. कचेरीच्या पत्रात तारखा पुष्कळ, तेव्हा प्रत्येक तारखेशी थांबावे आणि शेजारच्या क्रियापदाकडे पाहावे, एवढे केले की हे वाचन संपते. ‘डिस्कस’पुढे लागणारे ‘अबाउट’, ‘रिटर्न’पुढचे ‘बॅक’, ‘फर्निचर्स’, ‘इक्विपमेंट्स’ आणि ‘अॅडव्हाइसेस’ ही अनेकवचने, ‘इट्स’मधील असावा तेथे नसलेला आणि नसावा तेथे असलेला अपॉस्ट्रॉफी, ही मंडळी जुनी आणि ओळखीची, त्यांची यादी वहीच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवली की त्यांचा बंदोबस्त होतो.

खरी कसोटी ‘अ’, ‘अॅन’ आणि ‘द’ यांची, कारण मराठीत त्यांचा प्रतिनिधीच नाही. ‘अॅन आवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अॅन एमेले’ पण ‘अ युरोपियन’, हा भेद आम्हांला जड गेला नाही. उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सवय असलेल्या देवनागरी मनाला अक्षरापेक्षा स्वर आधी ऐकू येतो. जड गेले ते पुढचे. प्रत्येक नामाशी थांबून ‘हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेले अमुकच, की कोणतेही एक?’ असा प्रश्न विचारावयाचा, आणि त्याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नसते. एका सभेच्या इतिवृत्ताचा माझा मसुदा होता. ठरावाला काही सभासदांनी हरकत घेतली होती, आणि कागदावर ‘फ्यू मेंबर्स ऑब्जेक्टेड’ असे उतरले होते. हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. ‘अ फ्यू मेंबर्स ऑब्जेक्टेड’ हेही तितकेच शुद्ध आहे. पहिल्याचा ध्वनी असा की हरकत घेणारे जवळजवळ नव्हतेच; दुसऱ्याचा असा की काही जणांनी ती खरोखरीच घेतली. एका ‘अ’ने हरकत कायम होते, आणि तो गळाला तर ती इतिवृत्तातून पुसल्यासारखी होते. येथे नेसफील्डचा उपयोग नाही, शब्दकोशाचा नाही, आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचाही नाही. सभेत जो बसला होता आणि ज्याला काय म्हणावयाचे होते तोच हे सांगू शकतो. स्वतःच्या लिखाणाचा सर्वांत वाईट वाचक आपणच, हे मी वर सांगितले आणि ते खरे आहे. पण कागदावर आले ते आणि मनात होते ते, हे दोन्ही ज्याच्या पुढ्यात आहे असा वाचकही दुसरा कोणी नसतो.

स्वल्पविरामाविषयी थोडेच. अमेरिकेतील मेन राज्यात दुग्धव्यवसायातील एका कंपनीच्या वाहनचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला, आणि कायद्यातील सवलतींच्या यादीत शेवटच्या ‘ऑर’पूर्वी स्वल्पविराम नसल्यामुळे ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ हे एकच काम की दोन वेगळी कामे, हा प्रश्न अपील न्यायालयापर्यंत गेला; २०१७ साली निकाल चालकांच्या बाजूने लागला आणि पुढल्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादी लांब असली, की तिच्यातील शेवटच्या दोन बाबी एक आहेत की दोन, एवढे पाहून घ्यावे.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. आमच्याकडील काही वरिष्ठ ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण आलेले दिसले की ते निर्दयपणे हलवीत, आणि शब्दयोगी अव्ययाने वाक्य संपलेले त्यांना सहन होत नसे. हेन्री फौलरने आपल्या १९२६च्या इंग्रजी प्रयोगकोशात या दोन्ही धास्तींची यथेच्छ टिंगल केलेली आहे; पहिलीच्या संदर्भात तर त्याने साऱ्या इंग्रजीभाषक जगाची पाच वर्गांत विभागणी करून टाकली. हा ग्रंथ आमच्या कार्यालयाच्या कपाटात होता, कुलूपबंद. ब्रिटिश कोषागार विभागाच्या सूचनेवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्ज’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले, ते मी पदपथावरून विकत घेतले, आणि साध्या शब्दांत सरळ लिहिणाऱ्याच्या वाक्यांत चुकांना जागाच कमी उरते, ही त्याची शिकवण मला सर्व नियमांहून अधिक उपयोगी पडली. ‘डू द नीडफुल’ला आजचे लोक हसतात, ‘प्रीपोन’ला नाके मुरडतात, माझ्या मते हे प्रयोग चुका नव्हेत, हिंदुस्थानच्या कचेऱ्यांतून पिकलेली ती इंग्रजी आहे आणि ती दिल्लीपासून मद्रासपर्यंत समजते. ‘लिस्ट’पुढे ‘आर’ मात्र कोठेही चूकच.

पुढे संगणक आले आणि चुकलेल्या शब्दाखाली आपोआप तांबडी रेघ उमटू लागली, तेव्हा शाखेत काही काळ असे समाधान पसरले की आता ताळा मिळाला. तो मिळाला होता, पण नऊच्या ताळ्याइतकाच. ३६च्या जागी ६३ लिहिले गेले तरी नऊचा ताळा जमतो, आणि ‘फ्रॉम’मधील दोन अक्षरांची अदलाबदल होऊन ‘फॉर्म’ झाला तरी तो शब्द कोशात असल्यामुळे तांबडी रेघ उमटत नाही. हल्लीची यंत्रे याहून पुष्कळ शहाणी आहेत. ‘लिस्ट’ आणि ‘आर’ यांची विजोड जोडी ती बहुधा पकडतात, ‘सिन्स थ्री इयर्स’ही पकडतात, आणि निवृत्तीनंतर शेजारच्या मुलांचे अर्ज पाहताना मी त्यांचा बिनदिक्कत उपयोग करतो. पण ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांपैकी तुम्हांला कोणते अभिप्रेत होते हे यंत्राला विचारण्यात अर्थ नाही, कारण सभेत ते बसलेले नव्हते. म्हणून यंत्राची तपासणी आधी करावी आणि आपली शेवटी. क्रम उलटा केला तर यंत्राने सुचविलेली प्रत्येक सुधारणा खरी मानून सही करण्याचा मोह आवरत नाही. आपली तपासणी करताना कागद छापून घ्यावा, एक रात्र जाऊ द्यावी, आणि शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य मागे मागे वाचीत यावे. विषयाचा ओघ तुटला म्हणजे डोळ्याला अंदाज करावयास आधार उरत नाही आणि वाक्य आहे तसे दिसू लागते.

जे तरुण आज मराठीत विचार करून इंग्रजीत अर्ज, प्रबंध आणि अहवाल लिहीत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की कोणी दुरुस्त करून परत दिलेला कागद त्यांनी फाडून टाकू नये, आणि दुरुस्त करणारा ओळखीचा असेल तर त्याला केवळ समासात फुली करावयास सांगावे. चुकांच्या छापील याद्या बाजारात पुष्कळ मिळतात, पण त्यांतील बहुतांश चुका तुम्ही कधी करीतच नाही. तुमच्या स्वतःच्या फुल्यांची यादी करून पाहा. ती वहीच्या एका पानावर मावेल.